काम पाहणारा आणि करार पाहणारा

नोकरीच्या जाहिरातींत 'प्रोजेक्ट मॅनेजर' आणि 'कॉन्ट्रॅक्ट मॅनेजर' ही दोन पदे हल्ली शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही एकाच कामाशी निगडित असतील तर माणसे दोन कशाला, असा प्रश्न पालक आम्हांस विचारतात. आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. तेव्हा उत्तरही इतिहासातूनच देतो.

बोरघाटातील रेल्वेमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे १६ मैलांत १८३१ फूट चढण, २५ बोगदे, खोल दऱ्यांवर कमानींचे पूल! जी.आय.पी. रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी मार्गाची आखणी केली आणि विल्यम फॅव्हिएल यांनी ठेका घेतला. मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्या ठेकेदारांपैकीच ते एक. प्रत्यक्ष काम पुढे पोटठेकेदारांच्या हाती गेले. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा उसळला आणि त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी ठेका सोडला. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच आठवड्यांत मरण पावले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी मात्र ठेका टाकून दिला नाही. अनुभवी अभियंत्यांच्या हाती काम सोपवून तो पुढे चालविला. १८६१ मध्ये एका वेळी ४२,००० मजूर या घाटात राबत होते. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. पटकीने किती मजूर दगावले, त्याची नावनिशी मात्र कोणत्याही फलकावर नाही.

बोगदा कोणत्या बाजूने आधी खणावा, सुरुंगाची दारू केव्हा पोहोचावी, पावसाळ्यापूर्वी कोणता पूल उरकावा, हे पाहणे म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन. अ‍ॅलिसबाईंच्या अभियंत्यांनी जे केले ते हेच. ठेका कोणाच्या नावे, ठेकेदार गेल्यास जबाबदारी कोणावर, मोजणी कोण प्रमाणित करील, पोटठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती कोणाकडून वसूल करावी, हे पाहणे म्हणजे करार व्यवस्थापन. त्या काळी पहिल्या कामाला माणसे होती. दुसरे बव्हंशी मुख्य अभियंत्याच्याच शिरावर असे. आमच्या मते १८५९ चा दंगा सुरुंगाच्या चुकीने झाला नाही, कराराकडे झालेल्या दुर्लक्षाने झाला.

आज मोठ्या कंपन्यांत ही दोन कामे वेगळी केलेली असतात. प्रकल्प व्यवस्थापकाचे डोळे वेळापत्रक, माणसे, साहित्य आणि दर्जा यांवर असतात, आणि काम हस्तांतरित झाले की तो बहुधा पुढच्या कामावर निघून जातो. करार व्यवस्थापक निविदेच्या मसुद्यापासून असतो आणि काम संपल्यावरही राहतो. दोषदुरुस्तीची मुदत, अडकवून ठेवलेली रक्कम, शिल्लक देयके, लवाद हे सारे त्याच्याकडे असते. बोरघाटातील एक कमानपूल १८६७ मध्ये, म्हणजे मार्ग खुला झाल्यावर चार वर्षांनी कोसळला. अशा वेळी कोणाला बोलवायचे, हे कागद पाहूनच ठरते.

दोघांत खटका उडतो तो बहुधा जादा कामावरून. साहेब साइटवर येऊन तोंडी सांगतात, "एवढी भिंत वाढवून टाका." काम अडू नये म्हणून प्रकल्प व्यवस्थापक हो म्हणतो. करार व्यवस्थापक विचारतो, लेखी आदेश कोठे आहे? दर कोणता? मुदतवाढ मिळणार का? त्यावर त्याला 'अडवणूक करणारा' ही पदवी मिळते. आमच्या समाजातील जी मुले नव्याने लहान ठेके घेऊ लागली आहेत, त्यांच्याजवळ ही दोन्ही पदे भरण्याइतका पैसा नसतो. काम चोख होते, पण जादा कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होत नाही. मग बिल अडते आणि व्याज मात्र चढत राहते. आमचे त्यांना सांगणे एवढेच की, तोंडी सूचना मिळाली की त्याच दिवशी पत्र लिहून तिची पोच घ्यावी. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यातील कलम ५५ मुदतीविषयी आणि कलमे ७३ व ७४ नुकसानभरपाईविषयी आहेत. सही करण्यापूर्वी ही तीन कलमे कोणा जाणकाराकडून समजून घ्यावीत.

मजुरीच्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर यायला मात्र फार उशीर लागला. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने ती द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ ने ठरविले. त्यामुळे मजुरीचे हजेरीपत्रक तपासल्याशिवाय ठेकेदाराचे बिल पुढे न सरकविणे, हे आता करार पाहणाऱ्याच्या टेबलावरचे रोजचे काम आहे.