जखम चिघळली, तरी पाय वाचू शकतो!

मैत्रिणींनो, घरात कुणाचं कपाळ तापलं की आपला हात लगेच तिथे जातो. पोट दुखलं, दाढ ठणकली, तरी घरभर चौकशी होते. पण पायाकडे कोण बघतं? त्यातून तो पाय सासूबाईंचा किंवा मामंजींचा असला तर विचारायलाच नको! पाया पडताना आपण पावलांना हात लावतो, पण तळवा कधी उलटा करून पाहत नाही. आणि मधुमेह असलेल्या घरात गफलत होते ती नेमकी तिथेच.

आमचं कळंब म्हणजे नेरळ स्टेशनावर उतरून आत यावं लागतं ते गाव. जून-जुलैत इथे भाताच्या लावणीची धांदल असते. दिवसदिवस पाय चिखलात. काटा भरतो, काच लागते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. पूर्वीही हे सगळं होतंच. पण आता खेड्यापाड्यांतूनही 'शुगर' आली आहे आणि त्यामुळे त्याच काट्याचा अर्थ बदलला आहे. तुम्ही ठाण्या-पनवेलीत राहत असाल, पण गावी आई-वडील, सासू-सासरे असतीलच ना? म्हणून हा लेखनप्रपंच.

शेजारच्या घरातली गोष्ट सांगते. सासूबाईंना १२ वर्षांचा मधुमेह. ऐन लावणीत त्या थोड्या लंगडताना सुनेला दिसल्या.

"अहो आई, पाय दाखवा बघू."

"काही नाही गं, काटा भरलाय. दुखत पण नाही. लावणी उरकू दे, मग बघू."

'दुखत नाही' या शब्दांवर घर निश्चिंत झालं. आठव्या दिवशी पायाला वास येऊ लागला, अंगात ताप भरला, करंगळी काळी पडली. एका दवाखान्यात सांगण्यात आलं, "घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल. सही करा." सून पदवीधर नाही, पण धीराची. तिने एकच विचारलं, "डॉक्टरसाहेब, आणखी एका डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का? किती वेळ आहे आमच्याकडे?" उत्तर मिळालं, "आजच्या आज दाखवा." त्यांनी त्याच दिवशी मोठं इस्पितळ गाठलं. दोन बोटं गेली, पाऊल मात्र वाचलं. तिथे जे उपचार झाले, त्यांत एक होतं 'व्हॅक ड्रेसिंग'. त्याचीच माहिती आज करून घेऊ.

न दुखणारी जखम

आधी एक प्रश्न. एवढी जखम, मग दुखली कशी नाही? बरीच वर्षं रक्तात साखर जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांवर काम करताना दाखवून दिलं, की बोटं झडतात ती रोगाने 'खाल्ली' म्हणून नव्हे. वेदनाच कळत नाही, म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि ती वाढत जाते. मधुमेहातही तसंच होतं. म्हणून लक्षात ठेवा, मधुमेह्याची न दुखणारी जखम ही जास्त काळजीची!

व्हॅक म्हणजे काय?

आपण जखमेवर पट्टी बांधतो, पू-पाणी सुटलं की बदलतो. व्हॅकमध्ये हे पाणी यंत्राने सतत ओढून घेतलं जातं. प्रथम डॉक्टर जखम नीट साफ करतात, मेलेली कातडी आणि सडलेलं मांस काढून टाकतात. मग स्पंजासारखा निर्जंतुक फोम जखमेच्या आकारात कापून आत बसवतात. त्यावर पारदर्शक चिकट कागद असा चिकटवतात, की कुठूनही हवा शिरू नये. त्यातून एक नळी निघते ती पंपाला जोडलेली. पंप सुरू झाला की फोम आकसून बसतो आणि जखमेतलं पाणी नळीवाटे डब्यात जमा होऊ लागतं.

ओढ किती? साधारणपणे पाऱ्याच्या १२५ मिलिमीटर इतकी. आपलं ब्लडप्रेशर मोजतात ना, तेच माप. ही पट्टी रोज नाही, तर दोन-तीन दिवसांनी बदलतात. जखमेतली सूज उतरते, कडा जवळ येऊ लागतात आणि तळाशी तांबडं, दाणेदार नवं मांस धरू लागतं. असं मांस भरलं की पुढे कातडी लावणं किंवा जखम आपोआप भरू देणं सोपं जातं.

आपल्या आजीच्या काळची तुंबडी आठवली का? सुश्रुताने शिंग आणि भोपळा लावून अशुद्ध रक्त ओढण्याची रीत सांगितली आहे. ओढण्याचं तत्त्व जुनंच, हेतू मात्र वेगळा. आज वापरतात ती पद्धत अमेरिकेतल्या डॉ. लुई अर्जेंटा आणि मायकेल मॉरीक्वास यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. २०१० साली हैतीत भूकंप झाला, तेव्हा एमआयटीतल्या डॅनिएल झुरोव्हचिक यांनी विजेशिवाय, हाताने दाबून चालणारा साधा प्लॅस्टिकचा पंप तिथे नेला होता. आपल्याकडेही कित्येक इस्पितळांत महागड्या यंत्राऐवजी भिंतीतल्या सक्शनला नळी जोडून डॉक्टर हे काम करतात.

जादू नव्हे, बरं का!

एक गोष्ट स्पष्ट सांगते. या यंत्राने जंतू मरत नाहीत. पू झालेली जखम आधी उघडून साफ करावी लागते, प्रतिजैविक औषधं लागतात, साखर ताब्यात आणावी लागते, पायाला रक्त पुरेसं पोचतं की नाही हे तपासावं लागतं. रक्तच पोचत नसेल तर पंप काय करणार?

अभ्यास काय सांगतात? मधुमेहामुळे पावलाचा काही भाग काढावा लागलेल्या १६२ रुग्णांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ आठवड्यांत व्हॅकवाल्यांपैकी ५६ टक्क्यांची जखम भरली, नेहमीच्या पट्टीवाल्यांपैकी ३९ टक्क्यांची. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या मोठ्या अभ्यासात असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे प्रत्येक जखमेला व्हॅक हवंच असं नाही. डॉक्टरांनी नको म्हटलं तर 'हे पैसे वाचवताहेत' असा संशय घेऊ नये. कुणी पहिल्याच भेटीत आग्रह धरला तर 'का?' हे जरूर विचारावं. दुसऱ्याच्या दुखण्यावर तुंबड्या भरणारे जगात असतातच!

जखमेत कर्करोग असेल, हाडात पू असून त्यावर इलाज झालेला नसेल, काळं मेलेलं मांस तसंच असेल किंवा रक्तवाहिनी उघडी पडली असेल, तर हे यंत्र लावत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. रक्तस्रावाच्या धोक्याबद्दल अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २००९ आणि २०११ साली इशारे दिले होते.

घरच्या बाईने काय पाहावं?

यंत्र लावलेला रुग्ण कधीकधी घरीही पाठवतात. तेव्हा पुढील गोष्टी वहीत लिहून ठेवा.

१) डब्यात एकाएकी लाल भडक रक्त येऊ लागलं तर यंत्र बंद करा, जखमेवर घट्ट दाब द्या आणि ताबडतोब इस्पितळ गाठा.

२) यंत्र वाजू लागलं तर कागद कुठे सुटला आहे का, नळी दुमडली आहे का, ते बघा.

३) दिवसात सगळं मिळून दोन तासांपेक्षा जास्त यंत्र बंद राहता कामा नये. पावसाळ्यात वीज कशी जाते ते आपल्याला ठाऊकच आहे! बॅटरी किती तास चालते, ते घरी जातानाच विचारून घ्या. वीज आलीच नाही तर कुणाला फोन करायचा, तेही विचारा.

४) फोमचे किती तुकडे आत घातले, तो आकडा कागदावर लिहून मागा. काढताना तेवढेच निघायला हवेत.

५) हे घरगुती पंपावर करून पाहण्याचं काम नव्हे. कुणी सुचवलं तरी नको.

जोडीला जेवणही सकस हवं. नवं मांस धरायला प्रथिनं लागतात. डाळी, आपल्याकडचे वाल, अंडी, दूध, मासे, जे परवडेल ते. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

खर्चाची विवंचना सगळ्यांनाच असते. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत आपला रायगड होता. योजनेतल्या इस्पितळात 'आरोग्यमित्र' बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना आधीच विचारावं: ऑपरेशन योजनेत बसतं का, व्हॅकचा खर्च धरला आहे का, बाहेरून काय आणावं लागेल?

मुळात तिथवर जाऊच नये

मधुमेह्याच्या पायाला रोज रात्री पाच मिनिटं द्या. कोमट पाण्याने धुवा. पाणी किती गरम ते तुमच्या कोपराने पाहा, त्यांच्या पायाने नको. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा. घरातही अनवाणी चालू देऊ नका. जखम दिसली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन स्वच्छ सुती कापड बांधा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांना दाखवा. चुना, तंबाखू, शेण, कॉफीची पूड यांतलं काहीही लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही सांगा. पायाला उघडी जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नका. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचं भय असतं. आणि लाली पसरू लागली, वास आला, कातडी काळी पडली, ताप आला, तर मात्र रात्र काढू नका.

आपल्या घरातली वडीलधारी मंडळी 'कशाला उगाच खर्च' म्हणून दुखणं झाकतात, आणि बायका तर हमखास. त्यांनी सांगण्याची वाट पाहू नका. आज रात्री भांडी आवरल्यावर पाट सरकवून त्यांच्यापुढे बसा आणि म्हणा, "आई, पाय पुढे करा बघू." त्या नको नको म्हणतील. तरीही बघा. आणि हो, मधुमेह तुम्हाला स्वतःला असेल, तर आपलेही तळवे पाहायला विसरू नका!