सांगोल्याचे अकरा कौल

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६२ साली विधानसभेची जी पहिली निवडणूक झाली, तीत २६४ जागांपैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या आणि अवघ्या १५ जागांनिशी शेतकरी कामगार पक्ष विरोधी बाकांवर अग्रस्थानी बसला. त्या १५ जणांत सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्याने धाडलेला, पस्तिशीतील, वकिलीची सनद घेतलेला एक नवा सभासद होता, त्याचे नाव गणपतराव देशमुख. पुढे २०१४ साली २८८ जागांच्या सभागृहात त्याच पक्षाच्या वाट्याला तीन जागा आल्या, आणि त्या तिघांत पुन्हा गणपतराव देशमुख होतेच. मधल्या ५२ वर्षांत राज्यात मुख्यमंत्री आले आणि गेले, काँग्रेस फुटली, जुळली व पुन्हा फुटली, नवे पक्ष उदयास येऊन सत्तेपर्यंत पोहोचले, आणि शेतकरी कामगार पक्षाची संख्या १९६७ च्या १९ वरून १९७२ मध्ये ७, १९७८ मध्ये १३, १९९० मध्ये ८, १९९९ मध्ये ५ आणि २००४ मध्ये २ अशी चढउतार करीत क्षीण होत गेली. एका पक्षाचा ऱ्हास आणि त्याच पक्षाच्या एका सभासदाचे अढळपद या दोन गोष्टी एकाच कालखंडात शेजारी शेजारी घडाव्यात, याचे कारण शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम संख्येचा निवाडा करून टाकू. कारण गणपतरावांविषयी लिहिताना अनेकांनी त्यांना देशातील सर्वाधिक वेळा निवडून आलेला आमदार ठरविले, आणि ते यथार्थ नाही. तमिळनाडूचे मुथुवेल करुणानिधी १३ वेळा निवडून आले, परंतु निरनिराळ्या मतदारसंघांतून, केरळातील के. एम. मणी हे पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ पासून १३ वेळा विजयी झाले, जरी त्यांपैकी १९६५ ची विधानसभा कधी भरलीच नाही. आणि त्याच राज्यातील पुतुपल्लीने ऊमन चंडी यांना १२ वेळा पाठविले. गणपतराव सांगोल्यातून ११ वेळा निवडून आले : १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. महाराष्ट्रापुरता हा विक्रमच होय. पण मला या तुलनेत आकड्यांहून अधिक महत्त्वाचा वाटतो तो भेद निराळाच आहे. करुणानिधी अनेकदा मुख्यमंत्री झाले, चंडीही मुख्यमंत्री झाले, आणि मणींनी अर्थमंत्री म्हणून केरळचे अर्थसंकल्प कितीदा तरी मांडले; गणपतरावांच्या सुमारे ५० वर्षांच्या सभासदत्वात मंत्रिपद आले ते दोनदाच, तेही अल्प मुदतीचे. १९७८ ते १९८० या काळात शरद पवारांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलाच्या, म्हणजे पुलोदच्या, मंत्रिमंडळात, आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी मंत्रिमंडळात, ज्याचा पाठिंबा त्यांच्या पक्षाने २००२ साली काढून घेतला. म्हणजे सत्तेची फारशी सावली न घेता ज्याने ११ वेळा लोकांचा कौल मिळविला, असा हा प्रतिनिधी आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य तेथेच शोधावे लागते.

ज्या मुलखाने हा कौल दिला तो मुलूख निसर्गाने कृपा केलेला नव्हे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या तालुक्यात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही नेमाने पडत नाही. माण नदी तालुक्यातून वाहत पुढे पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते, पण वर्षातील पुष्कळ महिने तिचे पात्र म्हणजे वाळूचा पट्टाच असतो. खरिपाचा भरवसा नाही, रब्बीची ज्वारी परतीच्या पावसावर, आणि उरलेला आधार जित्राबांचा; खिलार बैलांसाठी सांगोल्याचा रविवारचा बाजार दूरदूरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. अशा तालुक्यात सरकारदरबारी शेतकऱ्याचा संबंध येतो तो आणेवारी, तगाई, सारामाफी, चारा छावणी आणि दुष्काळी कामावरची हजेरी या शब्दांनी. कोणत्या गावाची आणेवारी किती लागली आणि ती कोणत्या कारकुनाने कशी काढली, हा प्रश्न येथे कोणत्याही तत्त्वचर्चेहून निकडीचा असतो. ज्याला हे दप्तर वाचता येते आणि त्यातील चूक मामलेदारापासून मंत्र्यापर्यंत कोणाच्याही समोर ठामपणे दाखविता येते, अशा माणसाची किंमत या लोकांना सत्तेतल्या माणसाहून कमी वाटली नाही, तर त्यात नवल नाही.

गणपतरावांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा, आणि कर्मभूमी सांगोला. ते धनगर समाजातून आलेले होते. तालुक्यात या समाजाची संख्या मोठी आहे, म्हणून काही अभ्यासक त्यांच्या यशाचे गणित तेथेच संपवितात. पण ज्या दोन निवडणुका ते हरले त्या वेळी हा समाज तालुक्यात नव्हता असे तर नाही. केवळ जातीच्या हिशोबाने पराजयाचा उलगडा होत नाही, तर मग जयाचा तरी पुरता कसा होईल?

त्यांचा पक्ष केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी स्वातंत्र्याच्या उदयकाळी काँग्रेसमधून बाहेर पडून स्थापिलेला, आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधाने मार्क्सवादाकडे वळलेला. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने या पक्षातील कितीतरी कर्ती माणसे काँग्रेसच्या गोटात नेली. ज्यांच्या पुढ्यात जिल्हा परिषद, साखर कारखाना, मध्यवर्ती बँक अशी दालने उघडली गेली, त्यांतील थोडकेच लाल झेंड्याशी थांबले. गणपतराव थांबले. कृष्णराव धुळप, उद्धवराव पाटील, दि. बा. पाटील, दत्ता पाटील, एन. डी. पाटील या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी विरोधी बाकांवर जी कामगिरी केली, तीमुळे संख्येने लहान असलेला हा पक्ष सभागृहात मोठा भासत असे. १९७७-७८ मध्ये विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपदही त्यांच्याकडे आले होते.

सत्तेबाहेरच्या सभासदाच्या हाती असते तरी काय? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, स्थगन प्रस्ताव : ही आयुधे नियमांच्या पुस्तकात सर्वांना सारखीच दिलेली आहेत, पण ती चालविण्यासाठी जो अभ्यास लागतो तो सर्वांकडे सारखा नसतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने लेखी उत्तर दिले की ते उत्तर शासनाला बांधील करते. त्यावर उपप्रश्न विचारताना आधीच्या वर्षीचे उत्तर आणि आताचे उत्तर यांतील तफावत दाखविता आली की खात्याला हालावे लागते. पाणीपुरवठा, पाटबंधारे, महसूल, रोजगार हमी या खात्यांच्या अनुदानांच्या मागण्यांवर वर्षानुवर्षे बोलणाऱ्या सभासदाजवळ हळूहळू खात्याच्या सचिवांहूनही दीर्घ स्मृती साठते, कारण सचिव बदलतात आणि सभासद तोच राहतो. माझ्या मते गणपतरावांच्या दीर्घ कारकिर्दीचे सामर्थ्य याच स्मृतीत होते. मुंबईला एस.टी.ने येणारा आमदार म्हणून त्यांचे कौतुक फार झाले, आणि त्या साधेपणाविषयी मला आदरच आहे. परंतु केवळ साधेपणावर कोणी ११ वेळा निवडून येत नाही, आणि त्यांच्या कामाऐवजी त्यांच्या प्रवासाच्या साधनावरच लिहीत बसणे हा त्यांच्यावर एक प्रकारचा अन्याय होय.

आता त्या दोन पराभवांकडे पाहू. १९७२ साली बांगलादेशच्या युद्धानंतर आलेल्या लाटेत काँग्रेसने राज्यात २२२ जागा जिंकल्या आणि सांगोलाही तिच्याकडे गेला. पण त्याच वर्षी महाराष्ट्रावर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्याने गावेच्या गावे खडी फोडण्याच्या आणि नाला बांधाच्या कामांवर नेऊन बसविली. १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली तेव्हा सांगोल्याने आपला जुना प्रतिनिधी परत बोलाविला. दुसरा पराभव १९९५ चा, काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांच्याकडून, आणि तो केवळ १९२ मतांनी. हे वर्ष ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या निवडणुकीत काँग्रेस राज्यभर कोसळून ८० जागांवर आली, शिवसेना-भाजप युती सत्तेवर बसली, आणि नेमक्या त्याच वेळी सांगोल्यात काँग्रेस जिंकली. उलट १९८० मध्ये, पुलोद सरकार बरखास्त होऊन इंदिरा काँग्रेसने राज्यात १८६ जागा जिंकल्या असताना, सांगोला गणपतरावांकडेच राहिला. २०१४ मध्ये चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले, भारतीय जनता पक्ष १२२ जागांवर पोहोचला, आणि नव्वदीकडे झुकलेल्या या उमेदवाराने शिवसेनेकडून उभ्या असलेल्या त्याच शहाजीबापूंचा २५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. राज्याच्या वाऱ्याशी या मतदारसंघाची दिशा पुष्कळदा जुळत नाही. तो आपल्या हिशोबाने मत देतो, आणि त्या हिशोबाचे पहिले कलम पाणी हेच असते.

पाण्याचा हा लढा विधानसभेच्या बाहेर लढला गेला तो आटपाडीत. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९३ पासून तेथे पाणी परिषदा भरू लागल्या, आणि सांगली, सातारा, सोलापूरकडील १३ दुष्काळी तालुक्यांचे लोक त्यांत एकत्र आले. मागणी अशी की कृष्णेचे पाणी उचलून या तालुक्यांना द्यावे, आणि ते समन्यायाने, म्हणजे केवळ कालव्याच्या तोंडाशी असलेल्या बागायतदाराला नव्हे तर प्रत्येक कुटुंबाला, द्यावे. कृष्णा पाणी तंटा लवादाने महाराष्ट्राला ठरवून दिलेले ५६० अब्ज घनफूट पाणी २००० सालच्या मे महिन्यापूर्वी अडविण्याची निकड होती, म्हणून शासनाने १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापून रोखे काढले. टेंभू योजनेला मंजुरी मिळाली ती याच वर्षी. कराडजवळ कृष्णेतून उचललेले पाणी टप्प्याटप्प्याने चढवीत, आटपाडीमार्गे सांगोल्याच्या शिवारापर्यंत आणण्याची ही योजना कागदावर जितकी सुबक, तितकीच अंमलबजावणीत रखडलेली. निधी अपुरा, पंपांच्या वीजबिलाचा बोजा मोठा, आणि शेवटच्या टोकाचा तालुका म्हणून सांगोल्याची पाळी अखेरची. ज्या प्रतिनिधीने १९६२ मध्ये पाण्याची मागणी केली त्यालाच ५० वर्षांनंतर त्याच मागणीसाठी उभे राहावे लागले, ही गोष्ट त्याच्या चिकाटीची साक्ष आहे हे खरे, पण ती राज्यकर्त्यांच्या प्राधान्यक्रमावरचा ठपकाही आहे. आणि त्यांच्या विरोधकांनी प्रचारात नेमके याच ठिकाणी बोट ठेवले, ते सर्वस्वी अन्यायाचे होते असेही मला म्हणवत नाही.

पिण्याच्या पाण्याचे काम मात्र आधी तडीस गेले. शिरभावीची ८१ गावांची म्हणून ओळखली जाणारी प्रादेशिक पाणीपुरवठा योजना त्यांच्या पाठपुराव्याची म्हणून तालुक्यात सांगितली जाते. ऊस नसलेल्या मुलखात सहकार कशावर उभारावा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे शेतकरी सहकारी सूतगिरणी, आणि तिच्या जोडीने महिलांची सूतगिरणी. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना हे राजकारणाचे केंद्र असते, कारण त्याच्याकडे सभासदाचा ऊस, कर्ज आणि मत या तिन्हींच्या किल्ल्या असतात. सूतगिरणीत तसे काही नसते. तेथे मिळतो तो दरमहाचा पगार, आणि दुष्काळात स्थलांतर करणाऱ्या घरात एक पगार असणे म्हणजे काय, हे सांगोल्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुढे डाळिंबाने या माळरानाचे रूप पालटले. थोड्या पाण्यावर ठिबकने जगणारे हे पीक येथे इतके रुजले की २०२० च्या डिसेंबरात देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली.

२०१९ मध्ये वयामुळे गणपतरावांनी निवडणूक लढविली नाही. त्यांच्या जागी नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेच्या शहाजीबापू पाटलांकडून ७६८ मतांनी हरले. त्या वेळी पक्षाची राज्यातील एकुलती एक जागा आली ती नांदेड जिल्ह्यातील लोह्याहून. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांचे दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, २५ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले आणि शेतकरी कामगार पक्षाचे संपूर्ण महाराष्ट्रातील एकमेव आमदार ठरले. वर्गलढ्याच्या भाषेवर वाढलेल्या पक्षाला उमेदवारीसाठी पुन्हा एकाच घराकडे पाहावे लागावे, याचे मला वैषम्य वाटते, कारण ज्या चावड्यांवर आणि मेळाव्यांत या पक्षाने कार्यकर्त्यांच्या पिढ्या घडविल्या, तेथून दुसरे नाव पुढे यायला हवे होते. तथापि या निकालाचा अर्थ लावताना घाई करू नये. लढत तिरंगी होती. सत्ताधारी बाजूच्या शहाजीबापूंच्या समोर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून दीपक साळुंखे उभे होते, आणि सत्ताधाऱ्यांविरुद्धची मते एकवटण्याऐवजी वाटली जातील असा अनेकांचा कयास होता. त्या निवडणुकीत सत्तारूढ महायुतीने राज्यभर २३० हून अधिक जागा जिंकल्या. सांगोल्याने मात्र, १९८० आणि १९९५ प्रमाणेच, राज्याच्या उलट दिशेने मत दिले, आणि नव्या सभासदाला पाठविले ते पुन्हा एकदा विरोधी बाकांवर.