मागच्या रांगेतले कॅडेट

वर्धा म्हटले की सेवाग्राम आठवते. पण याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, आणि वर्धा शहरात एनसीसीची २१ महाराष्ट्र बटालियन. खाकी गणवेश इथल्या महाविद्यालयांना नवा नाही.

हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून १९४८च्या कायद्याने एनसीसी उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. चीनशी झालेल्या युद्धानंतर १९६३मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८मध्ये पुन्हा ऐच्छिक. मला ही पाच वर्षे फार बोलकी वाटतात. सक्तीने मैदाने भरली, पण ज्याला मुळात तिथे उभेच राहायचे नव्हते, त्याच्याकडून हजेरीपलीकडे काय मिळणार होते?

मन आणि कौशल्य यांचा संबंध अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७मध्ये नीट मांडला. ‘हे मला जमेल’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः काही जमवून दाखवल्यावर. इतरांना जमताना पाहणे, कुणी धीर देणे आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था यांचाही त्यात वाटा असतो. फायरिंग रेंजवर हे उघड दिसते. पॉइंट टू टू रायफल घेऊन पहिल्यांदा पालथे पडलेले पोर आवाजाच्या धास्तीने ट्रिगर झटक्यात ओढते. गोळ्या विखुरतात, टार्गेटवरच्या विखुरलेल्या खुणा पाहून धास्ती वाढते आणि पुढचा झटका आणखी मोठा बसतो. जाणता उस्ताद इथे मधल्या ठिपक्याची गोष्टच काढत नाही. तो ग्रुपिंग पाहतो. गोळ्या कडेला लागल्या तरी जवळजवळ लागल्या, तर पकड आणि श्वास ठीक आहे असे सांगतो. पोराला पहिल्यांदा काहीतरी जमलेले असते, आणि पुढच्या फेरीत बोट आपोआप हळू दाबले जाते.

स्वभावाचे काय? बॅरिक आणि माउंट यांनी १९९१मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कामसूपणा, नेटकेपणा आणि चिकाटी यांचा चांगल्या कामगिरीशी सर्व प्रकारच्या व्यवसायांत संबंध दिसला. बोलक्या, मिसळणाऱ्या माणसांना प्रशिक्षण अधिक मानवते, हेही त्यात दिसले. मला त्याचे कारण साधे वाटते: बोलका कॅडेट न विचारता पुढे होतो, म्हणून त्याला संधी जास्त मिळतात. अबोल पोराला त्या मुद्दाम द्याव्या लागतात.

करता करता शिकण्याची बाजू वर्ध्याला नव्याने सांगायला नको. हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार ऑक्टोबर १९३७मध्ये याच गावातल्या शिक्षण परिषदेत मांडला गेला होता. त्यामागची भूमिका अहिंसेची होती आणि कवायतीचा हेतू वेगळा, हे मान्य. पण जमवून पाहण्यातून येणारा विश्वास दोन्हीकडे एकच आहे.

मुलींच्या बाबतीत अलीकडे मोठा बदल झाला. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५मध्ये १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. आर्वी-हिंगणघाटच्या मुलीला आता आपल्यासारखीच कुणीतरी तिथे पोचलेली दिसते.

सैन्याच्या पाच दिवसांच्या एसएसबी मुलाखतीत अधिकाऱ्याचे पंधरा गुण पाहतात. आत्मविश्वास त्यांपैकी एक. तो त्या पाच दिवसांत तयार होत नाही. म्हणून महाविद्यालयांतल्या एनसीसी अधिकाऱ्यांना विनंती आहे: येत्या परेडला तुकडीचे नेतृत्व मागच्या रांगेतल्या एखाद्या अबोल कॅडेटकडे द्या, आणि तो चुकला तर पुढच्या परेडलाही त्यालाच द्या.