तीनशेवीस नंबरचा काजू

वेंगुर्ल्याच्या किंवा म्हापशाच्या दुकानात काजूच्या पाकिटावर ‘डब्ल्यू ३२०’ असं लिहिलेलं दिसतं. कुणाला तो भाव वाटतो, कुणाला कंपनीचा नंबर. खरं तर तो हिशेब आहे: असे अख्खे गर एका पौंडात ३०० ते ३२० बसतात. १८० नंबरचे त्याहून टपोरे, त्याहून महाग. आपल्या बाजारातून पौंड केव्हाच हद्दपार झाला, पण काजूच्या धंद्यात टिकून आहे, कारण माल निवडायची ही रीत परदेशी गिऱ्हाइकासाठी बसली. सिंधुदुर्गातल्या कारखान्यात प्रतवारीला बसलेली बाई नुसत्या नजरेने जे माप लावते, ते सातासमुद्रापलीकडचं आहे. तिच्या कामाविषयी आणि मजुरीविषयी मात्र भलतेसलते समज आहेत.

परदेशी माल आला की इथल्या बायकांचं काम जातं, हा त्यातला सगळ्यात पक्का. काजूच्या बाबतीत हे अर्धंच खरं. मुळात झाडच परदेशी. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. आज भारतातले कारखाने जेवढी बी फोडतात, त्यातली निम्म्याहून अधिक साधारणपणे आफ्रिकेतून येते: आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, टांझानिया, गिनी-बिसाऊ. आपल्याकडचा हंगाम फार तर मेअखेरपर्यंत. पावसाळ्यात आणि त्यानंतर कारखाना चालू राहतो तो बऱ्याच ठिकाणी या आफ्रिकन बियांवर. म्हणून २०१६च्या अर्थसंकल्पात कच्च्या बियांवर ५ टक्के आयात शुल्क बसलं तेव्हा बागायतदाराला बरं वाटलं असेल, पण कारखानदारांनी ओरड केली आणि २०१८ मध्ये ते अडीच टक्क्यांवर आलं. सोललेला गर बाहेरून आला, तर गोष्ट उलटी. तो आला म्हणजे फोडणं, सोलणं, निवडणं ही कामं बाहेरच उरकून आली. म्हणूनच २०१९ मध्ये आयात गराची किमान किंमत वाढवून तुकड्याला किलोमागे ६८० आणि अख्ख्याला ७२० रुपये केली. तेव्हा आयात चांगली की वाईट, हे विचारण्याआधी बी आली की गर, ते विचारावं.

दुसरा समज ऐकायला गोड आहे. बायकांची बोटं नाजूक, म्हणून हे काम त्यांचं. काजू हा बिब्याचा भाऊबंद. त्याच्या टरफलातला चीक हाताला लागला की उततो, कातडी जाते. बी वाफवून घेतली तरी चीक उरतोच. हातमोजे नसले तर बायका तेल किंवा राख चोळून बसतात. पायाने दांडा दाबायचा, पात्याखाली बी नेमकी धरायची, टरफल चिरलं पाहिजे आणि आतला गर दुखावता कामा नये. मग बोरम्यात, म्हणजे भट्टीत, वाळवलेल्या गराची तांबूस साल काढायची. इथे सुरीचं टोक जरा जास्त लागलं की अख्ख्याची पाकळी होते आणि भाव घसरतो. याला नाजूकपणा म्हणणाऱ्याने एक दिवस तिथे बसून पाहावं. हे कसब आहे. पण कसब म्हटलं की त्याचे पैसे द्यावे लागतात. नाजूकपणा जन्मजात, म्हणून फुकट.

केरळात कोल्लमला हा धंदा जुना आणि मोठा. तिथे बी भाजण्याचं काम पुरुषांचं, फोडण्या-सोलण्याचं बायकांचं. पुरुषाला दिवसाची मजुरी, बाईला किलोवर. एकाच छपराखाली मजुरी मोजायच्या दोन तऱ्हा! १९७६चा समान वेतन कायदा सारख्या कामाला सारखे पैसे म्हणत होता. पण कामाचं नाव आणि मोजायची रीतच वेगळी ठेवली, की तुलना कशाशी करणार?

निर्यात वाढली की मजुरी आपोआप चढते, हाही असाच भाबडा हिशेब. किलोचा दर ठरलेला असतो; न्यूयॉर्कमध्ये गराचा भाव चढला म्हणून कोल्लममधला दर त्या आठवड्यात चढत नाही. केरळात कामगार संघटना बळकट झाल्या, किमान वेतन वाढलं, तेव्हा बरंच काम सीमेपलीकडे तामिळनाडूत कन्याकुमारीकडे गेलं. तिथेही कामाला बायकाच, फक्त दर कमी. पुढे व्हिएतनामने यंत्रं आणली आणि गराच्या निर्यातीत भारताला मागे टाकलं.

या धंद्यातली सगळ्यात कडू गोष्ट मोझांबिकची. एके काळी जगात सर्वाधिक काजू पिकवणाऱ्या देशांत त्याची गणना होती, आणि त्याचे स्वतःचे कारखानेही होते. १९९०च्या दशकात जागतिक बँकेने आग्रह धरला की कच्च्या बियांवरचा निर्यात कर कमी करा, शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. कर उतरला, बी जहाजांत भरून भारताकडे निघाली आणि मोझांबिकमधले कारखाने एकामागून एक बंद पडले. हजारो कामगार घरी बसले, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला, तर काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या पदरात पडले होते वर्षाला पाचेक डॉलर. तिथल्या बाईचं गेलेलं काम कोल्लमच्या बाईकडे आलं, पण त्यासाठी तिचा किलोचा दर कुणी वाढवला नाही.

संध्याकाळी सुपातला गर काट्यावर जातो. अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. चार किलो बी फोडली तेव्हा कुठे किलोभर गर निघतो. बी आफ्रिकेतून येताना ओलसर झालेली असली, तर गर चिवट होतो, सालीला धरून बसतो आणि हमखास मोडतो. त्या ओलीत बाईचा काय दोष? तरी तुकडा तिच्याच नावावर मांडला जातो.