घाट उतरण्यापूर्वी ट्रॉलीचे ब्रेक उघडून पाहा

नेकनूरहून भरलेली ट्रॉली बीडला न्यायची म्हणजे मांजरसुंब्याचा घाट उतरणे आले. तिथे एकट्या ट्रॅक्टरचे ब्रेक लागले, की मागचा माल ट्रॅक्टरला ढकलतो आणि ट्रॉली आडवी होते.

ट्रॉली रिकामी करून सपाट, कडक जागेवर लावा. दुसऱ्या बाजूच्या चाकांना मागेपुढे दगड द्या. चाक उचलल्यावर एक्सलखाली लाकडी ठोकळे ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. ड्रम काढल्यावर धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा.

लायनर रिबिटांपर्यंत झिजले असेल तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. ग्रीस लागलेले लायनर डिझेलने धुऊन भागत नाही. आधी गळका सील बदला, मग लायनर. शेवटी चाक फिरवत शू घासेपर्यंत ब्रेक आवळा आणि चाक मोकळे फिरेल इतकाच सैल सोडा.

ऑइल ब्रेकमधली हवा मात्र पहिल्यांदा मिस्त्रीकडूनच काढून घ्या, शेजारी उभे राहून नीट पाहा.

रिकाम्या ट्रॉलीने गावातच चाचणी घ्या. ती एका बाजूला ओढत असेल, तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक कमी लागतो आहे. घाटात ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल जोडलेले ठेवा, खालचा गिअर वरूनच टाका आणि उतारावर क्लच दाबू नका.