माचा, आपला चहा आणि अंगातले रक्त

दिघीच्या आमच्या वस्तीत दिवस उजाडतो तो चहाने. मासळीला किंवा बंदरावर कामाला जायचे असो, चहात बुडवलेली चपाती खाल्ल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. हल्ली मुलींच्या मोबाईलवर ‘माचा’ नावाची हिरवी पावडर दिसू लागली आहे. ती प्यायली की वजन उतरते, असे सांगतात. म्हणून या वेळी तिची माहिती घेऊ.

माचा म्हणजे जपानी चहाची पूड. झाड आपल्या चहापत्तीचेच. तोडणीआधी सुमारे तीन आठवडे मळ्यावर सावली धरतात, त्यामुळे पान गडद हिरवे होते. ते वाफवून, वाळवून, देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. आपण पत्ती गाळून टाकतो. तिथे अख्खे पानच पोटात जाते. गरम पाण्यात पूड घालून बांबूच्या छोट्या रवीने फेस येईपर्यंत घुसळतात. दूध-साखर नाही. आधी गोड खायचे, मग हा कडसर चहा प्यायचा. आईस्क्रीम, केक आणि शेवयांतही ही पूड घालतात.

११९१ मध्ये एइसाई हे झेन भिक्खू चीनहून परतताना चहाचे बी जपानला घेऊन आले. ध्यानात डुलकी लागू नये म्हणून भिक्खू हा चहा पीत. पुढे तिथल्या चहाच्या खोलीला इतके लहान दार ठेवू लागले की सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून, वाकूनच आत यावे लागे. ज्यांच्या आजोबांना हॉटेलात वेगळी कपबशी मिळे, त्यांना या दाराचे मोल वेगळे सांगायला नको.

आता आरोग्याचे. माचाने वजन खास उतरते, याला भक्कम आधार नाही. डबाही महाग. शिवाय एक गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. चहा हिरवा असो की आपला, त्यातली तुरट द्रव्ये जेवणातले लोह अंगी लागू देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. धाप लागते, चक्कर येते, आणि आपण म्हणतो, ‘थकवा आहे, चहा घे.’

म्हणून घरात एवढे पाळू या:

• जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवू.
• लोहाची गोळी चहाबरोबर नको; लिंबूपाण्याबरोबर घेऊ.
• भाकरी-भाजीवर लिंबू पिळू. ताटात मासळी किंवा सुकट असली तर भाजी-भाकरीतले लोह अधिक अंगी लागते.
• लहान मुलांना चहा नको. गरोदर बाईने दिवसाला एक-दोन कपांवर थांबावे.
• थकवा राहिला तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घेऊ. गोळ्यांसाठी आशाताईंना विचारू.

चहा सोडा, असे आम्ही म्हणत नाही. फक्त त्याची वेळ बदलू. त्याला पैसा लागत नाही.