मेंदूची इजा व पुनर्वसन

डोक्याला बसलेल्या बाह्य आघातामुळे मेंदूच्या कार्यात बिघाड झाल्यास त्यास मेंदूची आघातजन्य इजा म्हणतात. अशा रुग्णाने गमावलेल्या शारीरिक, बौद्धिक व सामाजिक क्षमता शक्य तितक्या परत मिळवाव्यात आणि ज्या परत मिळत नाहीत त्यांच्याविनाही त्याला स्वावलंबी जीवन जगता यावे, यासाठी योजनापूर्वक केलेल्या प्रयत्नांना पुनर्वसन म्हणतात. रक्तवाहिनी तुंबून वा फुटून होणारा पक्षाघात, अर्बुद किंवा संसर्ग यांमुळे मेंदूला पोहोचणारी हानी या संज्ञेत मोडत नाही. मात्र त्यांच्या पुनर्वसनाची तत्त्वे पुष्कळशी समान आहेत.

इजेचे स्वरूप : आघाताच्या क्षणीच होणाऱ्या हानीस प्राथमिक हानी म्हणतात. आघाताच्या जागी, तसेच कित्येकदा तिच्या विरुद्ध बाजूस मेंदू ठेचला जातो. वेगात असलेले डोके एकाएकी थांबले किंवा गर्रकन वळले, तर तंत्रिका कोशिकांचे लांब तंतू ताणले जाऊन निकामी होतात. त्यानंतरच्या काही तासांत वा दिवसांत रक्तस्राव, सूज, कवटीतील वाढता दाब व ऑक्सिजनाची कमतरता यांमुळे दुय्यम हानी होते. तातडीच्या उपचारांचा मुख्य हेतू ही दुय्यम हानी टाळणे हा असतो.

कवटीचा तळ पुढच्या बाजूस खडबडीत असल्यामुळे मेंदूच्या ललाट व शंख खंडांचे खालचे व पुढचे भाग त्यावर घासले जातात. घाव कोठेही बसला, तरी या भागांना इजा होण्याचा संभव अधिक असतो. स्मृती, अवधान, कामाची आखणी व आत्मसंयम यांच्याशी हेच भाग निगडित आहेत. त्यामुळे हातापायांत व वाणीत उघड दोष नसलेल्या रुग्णाच्याही वागण्यात व विचारशक्तीत मोठी उणीव राहू शकते.

तीव्रतेचे मापन : ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीझडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये बेशुद्धी मोजण्याची श्रेणी प्रसिद्ध केली. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल या तीन प्रतिसादांना गुण देऊन ३ ते १५ अशी बेरीज केली जाते. १३ ते १५ गुण असल्यास इजा सौम्य, ९ ते १२ असल्यास मध्यम आणि ८ वा कमी असल्यास तीव्र मानतात. दुसरे गमक म्हणजे आघातोत्तर स्मृतिलोप होय. शुद्धीवर आल्यानंतरही रुग्णाच्या मनात रोजच्या घटना सलग टिकत नाहीत; हा काळ जितका लांबतो, तितकी पुढील प्रगती सामान्यतः मंद व अपुरी असते.

सुधारणेचे टप्पे : चित्रपटांत दाखवितात तसा रुग्ण डोळे उघडताच पूर्ववत होत नाही. तीव्र इजेनंतर प्रथम डोळे उघडतात, परंतु जाणीव नसते. मग ती अधूनमधून प्रकट होते. त्यापुढे गोंधळाची व प्रक्षोभाची अवस्था येऊ शकते. कॅलिफोर्नियातील रँचो लॉस ॲमिगोस रुग्णालयात १९७२ मध्ये या क्रमाची आठ पायऱ्यांची श्रेणी तयार करण्यात आली. प्रक्षोभाच्या अवस्थेत रुग्ण शिवीगाळ करतो, नळ्या उपसतो किंवा परिचितांना ओळखत नाही. तो कृतघ्न झाला असे नातेवाइकांना वाटते. वस्तुतः ही सुधारणेच्या मार्गावरील एक पायरी असू शकते. शांत खोली, मोजकी व तीच तीच माणसे, ठरावीक दिनक्रम आणि छोटी वाक्ये यांचा अशा वेळी उपयोग होतो.

सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो. त्यानंतर तो मंदावतो, तथापि दोन वर्षांनंतर प्रगती पूर्णपणे थांबते ही समजूत बरोबर नाही. सूज ओसरणे, तात्पुरते निष्क्रिय झालेले भाग पुन्हा कार्यरत होणे आणि उरलेल्या कोशिकांमधील जोडण्या सरावाने दृढ होणे ही त्यामागची कारणे होत. मेलेल्या कोशिकांची जागा नव्या कोशिका पुरेशा प्रमाणात घेत नाहीत; म्हणून पुनर्वसन हे मुख्यतः पुनर्शिक्षण ठरते.

इतिहास : १८४८ मध्ये अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात लोहमार्गासाठी सुरुंग भरताना फिनिअस गेज या मुकादमाच्या डाव्या गालाखालून शिरलेली सु. १.१ मी. लांबीची लोखंडी पहार कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला, पण त्याच्या स्वभावात मोठा पालट झाल्याचे त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदविले. ललाट खंड व व्यक्तिमत्त्व यांच्या संबंधाचे उदाहरण म्हणून ही घटना प्रसिद्ध आहे. १८५२ नंतर गेजने चिली देशात अनेक वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले, ही बाब मात्र कमी उल्लेखिली जाते. ठरलेल्या वेळा व ठरलेला मार्ग असलेल्या त्या कामाने त्याला बरेचसे सावरले असावे, असे काही आधुनिक अभ्यासक मानतात.

या क्षेत्रातील पद्धतशीर कार्य महायुद्धांतील जखमी सैनिकांमुळे सुरू झाले. पहिल्या महायुद्धकाळात कुर्ट गोल्डस्टाइन यांनी फ्रँकफुर्ट येथे अशा सैनिकांसाठी संस्था चालविली. दुसऱ्या महायुद्धात अलेक्सांद्र लूरिया यांनी उरल पर्वताच्या प्रदेशातील रुग्णालयात, शाबूत कार्यांच्या आधारे गमावलेले कार्य नव्या रीतीने उभारण्याचे तत्त्व मांडले. १९४३ मध्ये डोक्यात गोळी लागलेल्या एका सैनिकाला एकेक अक्षर आठवून लिहिता येत नसे. हात न उचलता संपूर्ण शब्द सवयीने लिहिण्यास सांगताच तो लिहू लागला. स्वतःचे लेखन वाचणे त्याला अत्यंत कष्टाचे जाई; तरीही तो सुमारे २५ वर्षे आपली कहाणी लिहीत राहिला. लूरियांनी ती १९७१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये ऑलिव्हर झँगविल यांनी १९४७ मध्ये भरपाई, पर्यायी कार्याची योजना व प्रत्यक्ष पुनर्प्रशिक्षण असे तीन मार्ग सांगितले.

उपचारपद्धती : पुनर्वसनाचा आरंभ अतिदक्षता विभागातच होतो. सांधे आखडू नयेत, शय्याव्रण होऊ नयेत व गिळताना अन्न श्वासनलिकेत जाऊ नये यांकडे प्रथम लक्ष दिले जाते. पुढे भौतिकोपचाराने तोल व चालणे, वाचोपचाराने भाषा व संभाषण आणि व्यवसायोपचाराने स्नान, कपडे, स्वयंपाक, पैशाचा हिशेब इ. नित्यकर्मे शिकविली जातात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीव्र इजेनंतर जाणीव मंद असलेल्या रुग्णांत अमँटाडीन या औषधाने सुधारणेचा वेग वाढल्याचे आढळले. परंतु औषध सरावाची जागा घेऊ शकत नाही.

स्मृतिदोषावर केवळ पाठांतराचा फारसा उपयोग होत नाही. वही, दिनदर्शिका, गजर व भ्रमणध्वनी ही बाह्य साधने वापरण्याची सवय लावणे अधिक फलदायी ठरते. तीव्र स्मृतिदोष असलेल्या रुग्णाला ‘आठवून पाहा’ असे सांगण्याऐवजी प्रथमपासून योग्य कृती दाखवावी. कारण एकदा केलेली चूक त्याच्या अंगवळणी पडते, पण ती चूक होती हे त्याच्या लक्षात राहत नाही. शिकविलेले कौशल्य नव्या जागी आपोआप वापरले जात नसल्याने सराव शक्यतो रुग्णाच्याच घरात वा कामाच्या ठिकाणी करवितात.

न दिसणारे परिणाम व कुटुंब : थकवा, चिडचिड, निरुत्साह, अवसाद आणि स्वतःच्या उणिवेची जाण नसणे हे परिणाम दीर्घकाळ टिकतात. रुग्ण चालतो-बोलतो म्हणून तो बरा झाला असे गृहीत धरले जाते आणि कामातील दिरंगाईस आळस, तर रागास दुष्टपणा मानले जाते. ग्लासगो येथे १९८० च्या दशकात केलेल्या पाहण्यांत, नातेवाइकांवरील ताण अपंगत्वापेक्षा व्यक्तिमत्त्वातील बदलांशी अधिक निगडित असल्याचे व वर्षे गेली तरी तो कमी होत नसल्याचे आढळले. म्हणून कुटुंबाला इजेचे स्वरूप समजावून देणे व त्यास अधूनमधून विसावा मिळवून देणे हा उपचाराचाच भाग होय. कामावर परतताना आरंभी थोडे तास व मर्यादित जबाबदारी ठेवावी. मद्य वर्ज्य करावे; वाहन चालविण्यास वैद्यकीय परवानगी आवश्यक असते.

भारतातील स्थिती : भारतात अशा इजेचे एक प्रमुख कारण रस्त्यावरील अपघात हे आहे. २०२२ मध्ये अशा अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होत्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये दुचाकीस्वारास शिरस्त्राण (हेल्मेट) सक्तीचे आहे. मुंबईत १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आणि बंगळूरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्था येथे पुनर्वसनाची सोय आहे. तथापि तज्ञ सेवा मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटल्या असल्याने रुग्णालयातून घरी परतलेल्या बहुसंख्य रुग्णांचा भार कुटुंबावरच पडतो. ठरावीक दिनक्रम, रुग्णाला जमेल ते त्याचे त्याला करू देणे, एका वेळी एकच सूचना आणि पुरेशी विश्रांती या साध्या उपायांना विशेष साधने लागत नाहीत. सुधारणा महिन्यांत नव्हे, तर वर्षांत मोजावयाची असते, ही जाणीव रुग्णाला व त्याच्या आप्तांना आरंभीच करून देणे इष्ट ठरते.